एकेचाळीस मुलं

"मग सरळ खोटारडी म्हण ना मला!" एनेलेसीनं पातेल्यातला मक्याच्या पिठाचा न्सिमा लाकडी उलथन्यानं दणादण घोटला. "शब्द कशाला चघळतेस?"

"तसं म्हटलं का मी, मावशी?" अलिनाफे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर झेरॉक्सचे बारा कागद आणि कानावर पेन्सिल. "या अभ्यासात पीठ मिळणारी तीनशे मुलं, न मिळणारी तीनशे. पीठवाल्यांतली एकेचाळीस 'सापडली नाहीत', आणि बिनपीठवाल्यांतली बारा. ती एकेचाळीस गेली कुठं, एवढंच विचारतेय."

"लोक तळ्याकाठी जातात मासेमारीला. बिऱ्हाडं हलतात."

"पीठ मिळणाऱ्यांचीच हलतात?"

ओसरीवर शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवणारा एनेलेसीचा नवरा बेस्टन खो खो हसला. "धर आता! बारा वर्षं लोकांना प्रश्न विचारलेस, आता दे उत्तरं."

"तुम्ही तुमची शिवण बघा."

ती बारा वर्षं एनेलेसीनं सायकलवर काढली होती. झोंबा शहराच्या खाली, तळ्याच्या बाजूची चार गावं तिच्याकडे. तान्ही मुलं वजनकाट्याच्या झोळीत घालायची, दंडाचा घेर मोजायचा, पौष्टिक पिठाची पाकिटं द्यायची, फॉर्म भरायचा. चारही गावांत तिला 'वजनवाली बाई' म्हणत. बहीण गेल्यावर बहिणीची मुलगी अलिनाफे तिनं याच पगारावर वाढवली आणि कॉलेजात घातली. त्या पिठाच्या अभ्यासाचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना कोंबडी खाऊ घातली होती. आता तेच पीठ अख्ख्या जिल्ह्यातल्या तान्ह्यांना द्यायचं ठरलं होतं. येत्या सोमवारपासून वाटप सुरू होणार होतं आणि एनेलेसी वीस बायांवरची मुकादम होणार होती.

आणि नेमका तोच लेख अलिनाफेच्या वाट्याला आला. गुरुवारी तिला तो वर्गापुढं मांडायचा होता.

"तुझ्या सरांना नाही का दिसले हे आकडे?" एनेलेसीनं विचारलं.

"सर म्हणाले, 'मोठमोठ्यांनी तपासून छापलंय. सुरुवातीचा सारांश नीट सांग, मार्क मिळतील.' सारांशात लिहिलंय, पीठ सुरक्षित आहे. पीठवाल्यांतली नऊ मुलं दगावली, बिनपीठवाल्यांतली आठ. म्हणजे काही फरक नाही. पण संख्याशास्त्राच्या मॅडमनी पहिल्या वर्षी शिकवलंय, सारांश शेवटी वाचा. आधी बघा, किती जणांपासून सुरुवात झाली आणि शेवटी मोजायला किती उरले." तिनं पेन्सिलीनं गोल केलेला तक्ता पुढं धरला. "उरलेलीच मोजलीत यांनी. पिठानं मुलं गेली असं मी म्हणत नाही, मावशी. गेली की जगली, हेच यात नाही. त्या एकेचाळिसांत तुझ्या गावांतली किती होती?"

"अकरा," एनेलेसी म्हणाली. आठवावं लागलं नाही तिला.

"ती अकराही बिऱ्हाडं हलली?"

एनेलेसीनं पातेलं खाली उतरवलं. न्सिमा वाढायचा राहिला.

"चार हलली," ती म्हणाली. "सातांच्या मातीला मी गेले होते."

ओसरीवरचं मशीन थांबलं.

"मग तसं का नाही लिहिलंस?"

"मूल गेलं की सहा पानांचा फॉर्म होता. पंधरा दिवसांच्या आत आईसमोर बसून भरायचा. श्वास कधी अडकला, दवाखान्यात का नाही नेलंत, शेवटचं काय भरवलंत, कुणी भरवलं." तिचा आवाज चढला. "चटईवर त्या बाईच्या शेजारी बसून मी रडलेय, तिच्या घरी मका कुटलाय. तिला विचारू, कुणी भरवलं? आपल्याकडं मरणाच्या घरात 'कसं' विचारलं, की दुसऱ्या दिवशी गाव एखाद्या म्हातारीला चेटकीण म्हणून दगड मारतं. साहेबांना काय, ते गाडीत बसून जातात. तीनदा जाऊन माणूस भेटलं नाही तर 'सापडलं नाही' अशी खूण करायची, असा नियम होता. मी केली खूण. सगळ्याच बाया करायच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. नियमातच होतं ना!" तिनं उलथनं पातेल्यावर आडवं ठेवलं. "मला वाटलं, एक मूल सुटलं यादीतून, त्यानं काय होतंय. त्या आईची तेवढीच सुटका."

एनेलेसीनं कागद ओढून घेतले. "माझं नाव कुठं आहे यात? साहेब म्हणाले होते, सगळ्यांची नावं आहेत."

अलिनाफेनं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "मेहनती क्षेत्रसेविकांचे आभार," तिनं वाचून दाखवलं.

"नावं?"

"नावं लेखकांची. तेवीस आहेत."

"तेवीस जण," एनेलेसी म्हणाली. "आणि एकालाही दिसलं नाही."

"दिसलं असेल," बेस्टन आत येऊन म्हणाला. "त्यांनीही नसेल विचारलं, 'कसं'. आता ऐक माझं. पोरीला सांग, सारांश वाच आणि मार्क घे. ही नोकरी गेली तर पोरीचं शेवटचं वर्ष कशावर काढणार? माझ्या गणवेशांवर?"

"काका, मी नाही बोलणार," अलिनाफे घाईघाईनं म्हणाली. "सारांशच वाचेन. मावशी, खरंच. मी नुसतं विचारलं."

तिनं कानावरची पेन्सिल काढली आणि पाठीमागच्या रबरानं तो गोल पुसायला लागली. एनेलेसीनं तिचा हात धरला. चांगलाच घट्ट धरला, पोरीला दुखलं.

"पुसू नकोस." तिनं हात धुतले आणि तिघांची ताटं मांडली. सुकटीचा रस्सा वाढला, न्सिमाचे गोळे ठेवले. दोघंही तिच्याकडं बघत राहिली.

"गुरुवारी मी कॉलेजात येतेय," ती म्हणाली. "सात नावं मी सांगेन. सोमवारी पाकिटं वाटायला मी जाणार नाही. जेवा."