आक्काचा पासपोर्ट माझ्या कपाटात

आधीच सांगते, माझं लिहिणं शुद्ध नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला आजवर कळलेलं नाही, आणि अक्षर तर पिठावरून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे. चौथीनंतर हातात पेन आला तो फक्त किराणा लिहायला. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी माफी मागून टाकते. माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. दवाखान्यात आया म्हणून तिनं नोकरी केली, नवरा लवकर गेला, एका मुलाला वाढवलं. रिटायर झाल्यावर ती मुलाकडं चितेगावला राहायला गेली. त्याआधी ती उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारच्याच खोलीत होती. ती शाळेत गेलीच नाही. त्यामुळं आमच्या दोघींत शिकलेली मी. लाईटचं बिल, बँकेचं पुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं ती माझ्यापुढं ठेवायची. "तू बघ गं, तुला वाचता येतं." मला वाचता येत होतं ते मराठी, तेही सावकाश. पण ती इतक्या खात्रीनं म्हणायची की मला नाही म्हणायला जमलं नाही.

तिची एकच इच्छा होती. सिरीलंकेला जायचं आणि तिथलं बोधिवृक्षाचं झाड बघायचं. बुद्धगयेला ती जाऊन आली होती. पण भंतेजींनी एकदा विहारात सांगितलं की मूळ झाडाची फांदी सम्राटाच्या लेकीनं जहाजातून नेली आणि तिथं लावली, ते झाड अजून उभं आहे. आक्काच्या ते मनातच बसलं. घरी येताना म्हणाली, "बाईच्या हातानं गेलेलं झाड हाय ते. मला बघायचंय." मग विहारातल्या बायकांनी सहलीचं ठरवलं तेव्हा तिनं पहिलं नाव दिलं, आणि दुसरं माझं. "ही संगं असंल तरच मी येईन. मला एकलीला पाट्या वाचता येत नाहीत."

तेव्हा आमचे पासपोर्ट निघाले. ऑफिस आपल्या शहरात नव्हतं, दुसऱ्या गावाला एसटीनं गेलो. फॉर्म भरणाऱ्यानं आक्काची जन्मतारीख विचारली. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, जूनची एक. कारण माझी तीच आहे. आमच्या शाळेत मास्तरांनी सगळ्या वर्गाचा जन्म जूनच्या एक तारखेला लिहिला होता. मला खरंच वाटायचं की ज्याला आपली तारीख माहीत नाही त्याची तीच असते. त्या माणसानं वर्ष अंदाजे धरलं, कुठलं तरी प्रतिज्ञापत्र जोडलं आणि ते तसंच पुढं गेलं.

काउंटरवरच्या मुलीनं मला शिक्षण विचारलं. मी इतकं हळू बोलले की तिला तीनदा विचारावं लागलं. मग तिनंच मोठ्यानं म्हटलं, "चौथी? चौथी पास?" तिची काही चूक नव्हती. पण मागं रांग होती, सुटाबुटातली माणसं होती, आणि सगळी माझ्याकडं बघतायत असं मला वाटलं. घरी आल्यावर पोलीस चौकशीला आला. त्यानं शेजारी विचारलं तर समोरची बाई दारातूनच ओरडली, "काय ओ, दुबईला चालल्या का काय? का काय केलंय?" सगळी गल्ली हसली. आक्काही हसली. मी आत जाऊन भांडी घासत बसले.

पासपोर्ट आले, सहल मात्र झाली नाही. आधी माणसं जमेनात, मग कोरोना आला. दोन्ही पासपोर्ट माझ्या कपाटात साडीखाली राहिले. आक्कानं तिचाही माझ्याकडंच दिला होता. "माझ्याकडं नातू फाडंल. तू ठेव, तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं एवढं कळलं होतं की दहा वर्षांनी तो संपतो. ती तारीख इंग्रजी आकड्यात होती, आकडे मला येतात. दर दिवाळीला कपाट आवरताना मी ते उघडायची, तारीख बघायची आणि परत ठेवायची. अजून आहे, अजून आहे, असं म्हणत वर्षं गेली. शहराचं नाव बदललं तेव्हा मेसवर, म्हणजे मी जिथं पोळ्या-भाकऱ्या करते तिथं, कुणीतरी म्हणालं की आता सगळ्यांचेच कागद नवे काढायला लागणार. ते ऐकून मला बरंच वाटलं. म्हटलं, सगळ्यांचे निघतील तेव्हा आपलेही निघतील. असं काही झालं नाही. पण मला थांबायला कारण पाहिजे होतं.

आणि एक दिवस सहल ठरली. विहाराचं काम बघणारे सर रिटायर मास्तर आहेत. त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर सगळ्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, "परतीच्या दिवसापासून पुढं सहा महिने पासपोर्ट चालू पाहिजे. कुणाचा कमी असेल तर आत्ता हात वर करा. लाजू नका."

आमचे दोन्ही पासपोर्ट एकाच दिवशी निघाले होते. सहलीनंतर चार महिने उरत होते. मला ते पाठ होतं.

आक्का माझ्या शेजारीच बसली होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आपलं ठीक हाय ना गं?"

"व्हय, ठीक हाय," मी म्हणाले.

मी असं का म्हणाले, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं. मला ती रांग आठवली, ते "चौथी पास?" आठवलं, समोरची बाई आठवली. हात वर केला असता तर विहारातल्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं असतं. आणि मी मनाला असंही समजावलं की सहल आठ दिवसांची, मग चार महिने शिल्लक आहेत तर अडतंय कुठं? दूध नासायच्या आधी पिऊन टाकलं की झालं. सर उगीच जास्त सांगतायत.

तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून लवकर काढली. आक्कानं दोघींचे पैसे भरले, तिच्या फंडातले. "तुझं मला दिऊ नको, तू माझी सोबत," म्हणाली. दोन पांढऱ्या साड्या घेतल्या, एक तिला, एक मला. फॉल-बिडिंग करून इस्त्रीसुद्धा करून ठेवली.

पुढं सिरीलंकेत शिरायच्या परवानगीचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा सरांच्या सुनेनं पासपोर्ट मागितले आणि लगेच फोन आला. सर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाई, मी विचारलं होतं ना?" त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

मग धावपळ. आता पोस्टातच पासपोर्टचं काम होतं. तातडीचे अर्ज केले, आमचे हे कंपनीतून सुट्टी काढून आमच्याबरोबर आले. माझं काम झालं. आक्काच्या आधारवर जन्मतारीख जानेवारीची एक होती आणि जुन्या पासपोर्टवर जूनची एक. आधारच्या कॅम्पमध्ये त्या पोरांनी जानेवारी टाकली होती, पासपोर्टला मी जून सांगितलं होतं. दोन्ही खोट्या.

आतल्या साहेबांनी आक्कालाच विचारलं, "मावशी, खरी कोणती?"

"ज्वारी काढत होते तवा," आक्का म्हणाली.

"तारीख, मावशी."

"साहेब, आईला कापायची गडबड होती. तिनं विळा ठिवला, मला जन्माला घातलं आन परत विळा घेतला. तारीख कोण बघतंय?"

साहेब हसले, आक्काही हसली. पण साहेबांनी हसत हसतच पुरावा आणायला सांगितलं. तो मिळवायला जितका वेळ लागणार होता तितका आमच्याकडं नव्हता. बाहेर पायरीवर बसून आक्कानं विचारलं, "ही जूनची तारीख सांगितली कुणी गं?"

मी म्हणाले, "मीच."

तिनं मांडीवरचे कागद पिशवीत घातले. मग म्हणाली, "तुला तरी काय म्हाईत."

मी म्हणाले मीही जात नाही. तेव्हा मात्र ती चिडली. "दोघींचे पैसे बुडवतीस व्हय? तू जा. माझ्या वाटचं बघून ये." आमच्या ह्यांनीही तेच म्हटलं. मी गेले. आक्काच्या पैशांनी, आक्कानं घेतलेली साडी नेसून गेले.

त्या झाडाचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत, जशी म्हाताऱ्या माणसाला काठी. पांढऱ्या कपड्यातली माणसं वाळूवर बसलेली. इतकी माणसं असून आवाज नाही. कुणी हातात कमळं धरून उभं, कुणी नुसतंच बसलेलं. मी बसले आणि मला रडू आलं. सोबतच्या बायकांना वाटलं श्रद्धेनं. मी आक्काच्या जागेवर बसले होते.

वाऱ्यानं एक पान माझ्या पदराजवळच पडलं. बाकीच्या बायका पडलेलं पान उचलून कपाळाला लावत होत्या, पर्समध्ये ठेवत होत्या. मी ते उचललं नाही. मला वाटलं, माझा काय हक्क. शेजारच्या बाईनं विचारलं, "घेता का?" मी मान हलवली. तिनं उचललं. आक्कासाठी तरी घ्यावं, हे मला परतीच्या विमानात सुचलं. लाजऱ्या माणसाला सगळं असं उशिरा सुचतं.

परत आल्यावर चितेगावला गेले. आक्कानं पाणी दिलं आणि समोर बसली. "सांग."

आणि मी काय सांगितलं? म्हणाले, "काय नाय आक्का, साधंच झाड हाय. आपल्याकडं पिंपळ असतो तसाच. लई गर्दी. लांबूनच बघू देतात." मला वाटलं, कमी करून सांगितलं की तिचं दुःख कमी होईल.

"पान आणलंस?"

"तिथं घेऊ देत नाहीत."

ती म्हणाली, "असंल." आणि चहा टाकायला उठली.

पुढच्या पौर्णिमेला ती विहारात आली होती. झाडापाशी माझ्या शेजारी बसलेल्या त्याच बाईनं वहीत दाबून ठेवलेलं पान सगळ्यांना दाखवलं. आक्काच्याही हातात दिलं. आक्कानं ते कपाळाला लावलं, परत दिलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती बघेल म्हणून मी सतरंजीची दशी ओढत बसले होते.

त्यानंतर मी पैसे द्यायचं ठरवलं. तिचं बुडालेलं तिकीट आणि माझं, दोन्ही. दुसरं काय देणार होते? मेसवर संध्याकाळची भाकरीही धरली. पहिल्यांदा पैसे घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "मी काय सावकार हाय का? ने परत." मी टीव्हीखालच्या रुमालाखाली ठेवून आले. तिनं मुलाच्या हातून परत पाठवले. मी पुन्हा घेऊन गेले आणि दारातच उभी राहिले, आत जाईना. शेवटी आक्का म्हणाली, "बरं. घे म्हणतीस तर घेते. पण मोजून घेईन." तिला वाचता येत नाही, पण नोटा तिच्यासारख्या कुणी मोजत नाही.

मग महिन्याला, कधी दोन महिन्यांनी, मी जायचे. ती मोजायची, चहा व्हायचा. नातवाचं बोलायचो, तिच्या गुडघ्याचं बोलायचो. मधे तिचा नवा पासपोर्ट आला. मुलानं मागं लागून तारखेचं सगळं नीट करून घेतलं होतं. तिनं तो मला दाखवला. मी सवयीनं हात पुढं केला, "द्या, ठेवते मी."

"राहू दे माझ्यापाशी," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. तिनं तो आपल्या ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. तिच्याकडं कुलूप आहे हे मला माहीतच नव्हतं.

सर पुन्हा सहल काढायचं म्हणतायत. आक्का जाणार की नाही ते तिनं मला सांगितलेलं नाही. तिथं पायऱ्या किती, अनवाणी किती चालावं लागतं, हे ती त्या पानवाल्या बाईला विचारत होती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी तिथं जाऊन आलेली, तिच्या घरातली, पण मला विचारलं नाही. मी साधंच झाड म्हणाले होते ना.

मागच्या आठवड्यात शेवटचे पैसे घेऊन गेले. पैठण रोडच्या रिक्षात बसल्यापासून मी मनात वाक्य जुळवत होते. आक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसली, बोटाला थुंकी लावून मोजायला लागली. ती अर्ध्यात आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं,

"आक्का, पान घेऊ देतात तिथं. माझ्या पदरापाशी पडलं होतं. मीच उचललं नाय. आन ते झाड साधं नाय."

तिचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. मग थांबली. "बघ, चुकलं माझं. मधी बोलू नको."

तिनं सगळ्या नोटा परत एकत्र केल्या, मांडीवर ठोकून सारख्या केल्या आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. शेवटची नोट खाली ठेवून तिनं त्यांना रबर लावलं.

"बरोबर हाय," आक्का म्हणाली. "फिटले."