कुमुदकाकूंची पिंपं

कुमुदकाकू रोज सकाळी अंघोळ करून, देवापाशी दिवा लावून झाला की मागच्या दाराने अंगणात जायच्या. पदर खोचून वाळूत गुडघे टेकायच्या आणि पालथ्या घातलेल्या एका मातीच्या कुंडीला कान लावायच्या. मग शेजारच्या कुंडीला. मग तिच्या पलीकडच्या. उठताना हात झटकत म्हणायच्या, "शांत आहेत हो सगळी." त्या कुंड्यांखाली, गळ्यापर्यंत वाळूत पुरलेली, बिअरची पिंपं होती.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण कतारमधल्या दोह्याचा विषय निघाला की मला आधी त्यांचा तो वाळूवरचा कान आठवतो आणि हसू येतं. मूळच्या नाशिकच्या. दारूचा थेंब कधी चाखलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघायच्या. त्यांचे यजमान देवस्थळीसाहेब आणि मी एकाच प्लांटवर होतो. ऐंशीच्या आसपासचा काळ. मी सडाफटिंग, त्यांच्या व्हिलाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि शुक्रवारी त्यांच्याकडेच जेवायचो.

शेजारी हॅरिस नावाचा इंग्रज राहायचा. वर्कशॉपचा इन्चार्ज, उंचपुरा, लाजाळू, बायको वारलेली. घरी बिअर करायची हा त्याचा एकमेव षोक. तिथे दारूला बंदी, तरी तेव्हा बरेच गोरे गुपचूप करायचे. बाहेर कुणी बोलायचं नाही. त्याच्या मुलीचं, सूझनचं, लग्न ठरलं. नवरामुलगा बहारिनला नोकरीला. हिवाळ्यात दोह्यात मेजवानी द्यायची म्हणून हॅरिसने उन्हाळ्याआधीच पिंपं भरून ठेवली, आणि नेमकी त्याला लांबलचक रजेवर इंग्लंडला जायची वेळ आली. बंद घरात एसी बंद, म्हणजे ऑगस्टमध्ये भट्टीच. तो टोपी हातात धरून, पिंपं तेवढी सांभाळाल का म्हणत, आमच्या दारात उभा राहिला.

देवस्थळीसाहेब ताडकन उठले. "इम्पॉसिबल! कुणाला कळलं तर पुढच्या विमानाने घरी!"

"अहो, थांबा जरा," काकू म्हणाल्या. "मोहन, विचार त्याला, एवढी कशाला लागतेय?"

मी विचारलं आणि लग्नाचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "पोरीला आई नाही आणि हा बाप एकटा लग्नघरची तयारी करतोय. आपण लाडू-चिवडा करतो, त्यांचं हे. आणा म्हणावं इकडे."

हॅरिसने आशेने फ्रीजकडे पाहिलं. "माझ्या दुधाशेजारी? अजिबात नाही!" तो प्रश्न तिथेच खलास. शिवाय पिंप त्यात मावणारही नव्हतं.

हॅरिसने इंग्रजीत बजावलं: गारवा हवा, अंधार हवा, हलवायचं नाही. मी मराठीत सांगितलं. "म्हणजे बाळंतिणीची खोली," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या. गारव्याचं तेवढं त्या सोयीस्करपणे विसरल्या. बाळंतिणीला कोण गारठ्यात ठेवतं? पहिलं पिंप त्यांनी गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. हॅरिसचं विमान उडून आठवडाही झाला नसेल. आम्ही वरण-भात कालवत होतो, तोच धाडकन आवाज झाला. पिंपाचं बूच छताला लागलं, तिथून देवस्थळीसाहेबांच्या ताटात पडलं आणि सगळ्या स्वयंपाकघरावर फेसाचा पाऊस पडला. साहेब टेबलाखाली. काकू कपाळावरचा फेस पुसत म्हणाल्या, "जिवंत आहे हो हे!"

तेव्हापासून त्यांची वृत्तीच बदलली. उत्तरेच्या भिंतीलगत, दिवसभर सावली असायची तिथे, आम्ही खड्डे खणले. दोन हात खाली वाळू हाताला गार लागायची. त्यात पिंपं उभी पुरली, वर ओली गोणपाटं, त्यावर पालथ्या कुंड्या. संध्याकाळी काकू झारीने पाणी घालायच्या. शुक्रवारी सकाळी प्रत्येकाचं बूच किंचित सैल करायच्या, फुस्स झालं की, "हं, ढेकर आली," म्हणून घट्ट करायच्या. मी एकदा चव बघू का म्हणालो, तर झारी उगारून धावल्या. "मुरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही! लोणचं असो, माणूस असो!"

सप्टेंबरात हवा दमट झाली. गोणपाटं वाळेनात, म्हणून गारही होईनात. पिंपं कुरकुरायला लागली. आणि अशाच एका सकाळी घरमालक पाण्याची मोटर बघायला आला. म्हातारा कतरी, भला माणूस, मुंबईशी जुना व्यापार असल्याने हिंदी छान बोलायचा. तो मोटरीपाशी वाकला आणि मागे एका पिंपाने शिट्टी दिली. लांबलचक. कुंडी हलली आणि वाळूतून पांढरा फेस वर यायला लागला.

देवस्थळीसाहेबांनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. मालकाने वळून पाहिलं. "मदाम, ये क्या है?"

"पाइप! पाइप फुटा!" काकू ओरडल्या आणि झाडांना पाणी घालायचा पाइप चालू करून त्यांनी वाळू, कुंडी, फेस, मालकाच्या चपला, सगळ्यावर पाण्याची धार धरली. मग फतकल मारून त्या कुंडीवर बसल्या. खालून फुसफुस चालूच. काकू वरून हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "चाय लेंगे?"

मालक हवेत नाक करून क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "मदाम, यहाँ रेती कम है. मैं भेजता हूँ." आणि गेला. दुसऱ्या दिवशी खरोखरच स्वच्छ वाळूने भरलेला ट्रक दारात! त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. काकूंनी मात्र ती सगळी वाळू पिंपांवर चढवली आणि त्याच्या घरी डबाभर बेसनाचे लाडू पाठवले.

थंडी पडली, हॅरिस परतला, मेजवानीचा दिवस उजाडला. दुपारच्या कोवळ्या उन्हात त्याच्या अंगणात पहिलं पिंप उघडलं. हॅरिसने पेला उजेडात धरला, घोट घेतला आणि लगेच दुसराही घेतला. मग काकूंपुढे पेला धरून म्हणाला, "प्लीज." सगळे थांबले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, करंगळी बुडवून जिभेला लावली आणि गंभीरपणे निकाल दिला, "मीठ कमी आहे."

मी भाषांतर केलं तेव्हा हशाने अंगण दणाणलं. गोरे, मल्याळी, मराठी, सगळे पोट धरून हसत होते. काकूंना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

संध्याकाळच्या विमानाने नवरा-नवरी बहारिनला निघाली. काकूंनी सूझनच्या पांढऱ्या झग्यावर टॉवेल पसरून तिची नारळाने ओटी भरली. ती गाडीत बसली. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. हॅरिस ताठ उभा राहून हात हलवत होता.

"अरे, मुलगी सासरी चाललीय," काकू मला म्हणाल्या, "आणि कुणीच कसं रडत नाही?"

"त्यांच्यात नसतं तसं, काकू."

"नसतं म्हणजे?" काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने हुंदका दिला. गाडी थांबली. सूझन झगा सावरत धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. आणि मग तो ताठ, लाजाळू हॅरिस, हातातला पेला तसाच धरून, लहान मुलासारखा रडायला लागला. काकू एका हाताने सूझनला थोपटत होत्या, दुसऱ्याने हॅरिसला. मधूनच नाक ओढत समाधानाने मला म्हणाल्या, "हं. आता झालं लग्न."