निजवून ठेवलेलं घर

आधीच सांगतो, असले अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचणारा माणूस आहे. उलटे पाय, लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि हात धुवायला उठायचं. भिवंडीजवळ काल्हेरला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे मी. दिवसभर ट्रकवाल्यांच्या थापा ऐकून माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. आता स्वतःच लिहायला बसलोय, तर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही तिघं मित्र – मी, मंगेश आणि जानू. मंगेश कोन गावचा. वडलांचे गाळे भाड्याने दिलेले, त्यामुळे साहेबांना नवनवीन खुळांसाठी वेळच वेळ. त्या वर्षी ट्रेकिंगचं खूळ होतं. जानू माझ्याच गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. पडघ्याच्या बऱ्याच आत, नदीकाठी त्याचा पाडा. तोच म्हणाला, "दादा, डोंगर कशाला चढता? आमची नदी बघा. पानी आटलं का नुसतं वालवंट. चालत जायाचं वर वर."

भल्या सकाळी पुलाजवळ बाईक लावल्या आणि पात्रात उतरलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. धुकं दाट. पायाखाली वाळू आणि गोटे, मधूनच पाण्याची एखादी बारीक धार. आवाज म्हणाल तर फक्त आमच्या बुटांचा.

थोडं वर गेल्यावर काठावर पाडे दिसायला लागले. कुडाची घरं, अंगणं, ओटे – सगळं जागच्या जागी आणि माणूस एकही नाही. कुत्रंसुद्धा नाही. प्रत्येक दाराला बोरीची काटेरी फांदी आडवी बांधलेली.

"आयला, भुताची गावं!" मंगेश मोबाईल काढून शूटिंग करायला लागला.

जानूला ते लागलं. "भुताची कसली? जिती मानसं हायत. भट्टीवर हायत."

दिवाळी झाली की इथली अख्खी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानूचे आईवडीलही भट्टीवरच होते. काटे गुरं आत शिरू नयेत म्हणून. पण जानू म्हणाला, त्याची आई फांदी बांधताना घराशी बोलते. "घर निजवून जातो आमी. एकदा निजवलं का पावसापर्यंत उठवायाचं न्हाय. उठलं तर त्याला त्याचं मानूस लागतं." मी 'बरं बरं' म्हटलं. अशा गोष्टींवर मी एवढंच म्हणतो.

मंगेशला दमा आहे. आम्हाला माहीत होतं, पण तो इतका बिनधास्त वागायचा की आम्ही विसरूनच जायचो. एका वळणावर तो खाली बसला. वाटलं, नाटक करतोय. मग त्याची छाती वाजायला लागली. त्याने खिशातून पंप काढून दाबला, हलवून पुन्हा दाबला. रिकामा! दुसरा बाईकच्या डिकीत राहिलेला. मोबाईलला रेंज नाही. तो आमच्याकडे बघत होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. ते डोळे मी अजून विसरू शकत नाही.

जानूचं घर तिथूनच वर होतं. आम्ही मंगेशला काठावर चढवलं. दारापाशी जानू क्षणभर थबकला... मी ओरडलो, "अरे मरेल तो!" त्याने झटक्यात फांदी ओढून काढली.

आत ऊब होती. चूल थंडगार, पेटवायची म्हटलं तर धुराची भीती, तरी ऊब होती. भाताच्या कणगीला टेकवून मंगेशला बसवलं. हळूहळू त्याचा श्वास जरा लांबला. पण ओठ काळेनिळे दिसत होते. हॉस्पिटल गाठणं भाग होतं. दोघांनी मिळून त्याला उचललं आणि धारेबरोबर खाली निघालो.

बाहेर पडताच त्याची घरघर वाढली. आम्ही अक्षरशः पळत होतो. वळण आलं, गोटे आले, आणि काठावर एक पाडा दिसला. एका घराचं दार उघडं... दाराशी काट्याची फांदी पडलेली.

जानूचंच घर.

तुम्ही म्हणाल, धुक्यात दिशा चुकली. अहो, नदीत माणूस चुकेल कसा? दोन्हीकडे काठ, पाणी वाहतंय त्या बाजूला जायचं, बस्स. चकवा रानात लागतो, माळावर लागतो असं ऐकलेलं. पात्रात?

आमचे हात गळून गेले होते. त्याला पुन्हा आत नेलं – तो सावरला. पुन्हा बाहेर काढलं – पुन्हा घरघर. या खेपेला मी पाण्याची धार बुटाखालून सोडलीच नाही. धार खालीच वाहत होती आणि आम्ही पुन्हा त्या दारात! मी वाळूत बसून रडलो. देवाला शिव्या दिल्या, मग त्याच देवाच्या पाया पडलो. मंगेशची मान माझ्या खांद्यावर लोंबत होती. इथेच जाणार हा, असं वाटलं. त्याच्या आईला काय सांगू?

जानू तेवढ्यात शांतपणे म्हणाला, "दादा, तू एकला ने त्याला. मी ऱ्हातो घरात."

"वेडा झालास का? मला एकट्याला उचलवेल तरी का हा?"

"घरातलं मानूस मागं ऱ्हायाला पायजे. जा तू. मागं बघू नको."

वाद घालायला वेळ नव्हता. मंगेशला पाठीवर घेतलं. गुडघे फुटले, दोनदा पडलो. वळण आलं, गोटे आले... आणि समोर पूल! डिकीतला पंप त्याच्या तोंडाला लावला. एक दुधाचा टेम्पो थांबवला. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दुपारी जानू आपल्या पायाने हॉस्पिटलमध्ये आला. "दार बांधून आलो," एवढंच म्हणाला.

मंगेश बरा झाल्यावर जानू आम्हाला भट्टीवर घेऊन गेला. आईला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. त्याची आई डोक्यावरच्या विटा उतरवून आली. जानूने सगळं सांगितलं. घर उठवलं म्हणून रागावेल असं मला वाटलं. तिने एवढंच विचारलं, "कुठं बसवलाव त्याला?"

"कणगीजवल," जानू म्हणाला.

ती मटकन खाली बसली. जानूच्या पाठचा भाऊ, चार-पाच वर्षांचा, तिथेच गेला होता. छाती भरलेली, थंडीचे दिवस, पाड्यावर गाडी नाही. बाहेर गारठ्यात काढलं की पोर घुसमटायचं, आत आणलं की जरा बरं वाटायचं. असं आतबाहेर करता करता रस्त्यापर्यंत न्यायचं राहूनच गेलं. आमच्या जानूने हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मग ती उठून मंगेशसमोर उभी राहिली. विटांनी सोललेला तळवा तिने त्याच्या छातीवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. "चालतंय," ती म्हणाली. "याचं चालतंय." आणि डोळे पुसत परत विटांकडे गेली.

परतताना मंगेशने वाटेत बाईक थांबवायला लावली. हा टगा माणूस रस्त्याच्या कडेला हुंदके देऊन रडत होता. म्हणाला, "सुहास, त्या घरात होतो तोवर माझ्या छातीवर एक हात होता. मला वाटलं तुझा आहे. बाहेर काढलं की तो सुटायचा."

"मग?"

"तुझा नव्हता रे. हाच होता. हाच, खरखरीत."

ती बाई दिवाळीपासून भट्टीवर होती, पाड्यावर फिरकलीही नव्हती. आम्हाला रस्त्यापर्यंत जाऊ न देणारं आणि मंगेशचा श्वास धरून ठेवणारं एकच होतं की दोन वेगळी, मला आजवर कळलेलं नाही. मंगेश मात्र दर महिन्याला तिला भेटून येतो – भट्टी चालू असली की भट्टीवर, पावसात पाड्यावर. ती हात ठेवते, तो उभा राहतो.