टाकलेली मुलं किती?

स्वातंत्र्य नवं होतं. आगरदांड्याजवळच्या आमच्या गावचे पोलीस पाटील टोपी काढून डोकं खाजवल्याशिवाय कशाचंच उत्तर देत नसत.

त्या वर्षी वाळत्या बोंबलांखाली कुणीतरी नुकतंच जन्मलेलं पोर ठेवून गेलं. एका कोळणीनं ते उचललं आणि आपल्या तान्ह्यासोबत अंगावर पाजू लागली.

आठवड्यानं तालुक्याचे साहेब नोंदवही घेऊन आले आणि पाटलांना विचारू लागले. "टाकलेली मुलं किती?"

"एकबी न्हाय."

समोरच कोळीण दोन्ही पोरं मांडीवर घेऊन बसली होती. साहेबांनी विचारलं, "ही दोन्ही हिचीच?"

"व्हय, जुळी हायत."

"मग एक एवढं मोठं कसं?"

पाटलांचा हात टोपीकडे गेलाच नाही. "थोरलं लय पितंय, साहेब."

साहेबांनी हसून शून्य मांडलं.

ते गेल्यावर पाटलांनी टोपी काढली. बराच वेळ डोकं खाजवून मला म्हणाले, "पोर ठिवून गेली त्या बाळंतिणीला कोन पेज देत असंल, गुरुजी?"