आचाऱ्याची सुरी

म्युनिकजवळ गार्चिंगच्या एका संस्थेत मी अंटार्क्टिकातल्या डोंगरांचे नकाशे करायचे. उपग्रहाच्या चित्रांवरून उंचीच्या रेषा ओढायच्या, आणि एखाद्या शिखराला आधीचं नाव आहे का ते जुन्या नकाशांत शोधायचं. तिथे मी कधी गेले नाही आणि जायची हौसही नव्हती. मला म्युनिकची थंडीच पुरे होती.

बर्फातून वर आलेल्या एका उभ्या कड्याला आमच्या प्रोफेसरांना आपल्या निवृत्त गुरूंचं नाव द्यायचं होतं. नामकरण समितीकडे करायच्या अर्जात एक ओळ होती, 'पूर्वीचं नाव आढळलं नाही.' तिच्याखाली सही माझी हवी होती, आणि मला तर नाव आढळलं होतं. देवमासे मारणाऱ्या एका जहाजाच्या नकाशावर कुणीतरी नॉर्वेजियनमध्ये लिहून ठेवलं होतं : आचाऱ्याची सुरी.

"आल्झो, तर मग, हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलंय?" प्रोफेसरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी पाहिलंय ना."

त्यांनी विचार करायला आठवडा दिला. विचार कसला करायचा? मी सही केली नाहीच, वर त्या नकाशाची प्रत परस्पर नामकरण समितीला पाठवून दिली. समितीने जुनं नाव कायम ठेवलं, आणि प्रोफेसरांनी मला त्या कामावरून काढलं. नकाशा छापून आला तेव्हा करणाऱ्यांच्या यादीत सगळे होते, मी नव्हते. मला फार वाईट वाटलं. चार वर्षं त्या रेषांपायी डोळे फोडले होते.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा लावून ती यादी दोनदा वाचली.

"तुझं नाव कुठेय गं?"

मी काय घडलं ते सगळं सांगितलं.

"त्या दगडाला तिथे कुत्रं विचारत नाही," त्या म्हणाल्या. "एवढा हट्ट कशाला?"

"अहो आई, लग्नात ताटातल्या तांदळात माझं नवं नाव लिहायला लावलंत. आधीचं तुम्हाला जुनाट वाटलं. तेव्हा मी मान खाली घालून बसले. एकदा बसले तेवढं पुरे."

त्यांनी चष्मा काढला आणि त्या तो पदराने पुसत राहिल्या.

"माझंही बदललं होतं," शेवटी म्हणाल्या. "मी काही आकाशपाताळ एक केलं नाही."

"करायला हवं होतंत," मी म्हणाले.