डावा तळहात

डोक्याचा एमआरआय करायला मला लातुरातल्या एका दवाखान्यात नेलं. बरेच दिवस चालताना मी एका बाजूला कलत होते. डोक्यात गाठ असू शकते, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आजी, अंगावरचं सगळं काढा. धातू चालत नाही," तिथली मुलगी म्हणाली.

मंगळसूत्र मी लगेच काढून दिलं. ज्यांच्या नावाचं ते होतं, ते खाली धडधाकट चहा पीत बसले होते. पण गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात गेला आणि मी थिजले. आम्ही लिंगायत; डबीत माझं इष्टलिंग. पाळण्यात असताना गळ्यात बांधलेलं, बाळंतपणातही न उतरलेलं. नायगावला माहेरची म्हातारी माणसं सांगायची, अंगावरून लिंग उतरलं की माणसाचं मढंच झालं.

मग मी हुशारी केली. पाठ फिरवून लिंग काढलं, डाव्या मुठीत दाबलं आणि रिकामी डबी सुनेच्या हातात दिली. लिंग दगडाचं, धातूचं नव्हेच, असा माझा कायदा.

"मुठीत काय आहे, आजी?"

"काही न्हाई. वात हाय. मूठ उघडत न्हाई."

"मघाशी बांगड्या काढताना तर उघडली होती!"

सुनेनं ओळखलं. "आत्याबाई, द्या इकडं. माझ्या लिंगाशेजारी ठेवते."

"पडलं तर?"

"मी पडंन, पर ते पडू देत न्हाई."

दिलं.

आडवं करून डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं. उजव्या हातात रबरी फुगा दिला. लईच भीती वाटली तर दाबायचा. मी तो यंत्र सुरू व्हायच्या आधीच दाबला. बाहेर काढलं, पुन्हा आत ढकललं, पुन्हा दाबला. "आता हललात तर आज होणारच नाही, आजी," मुलगी वैतागली.

मग डाळमिलच्या चाळणीत डोकं घातल्यासारखा खडखडाट सुरू झाला. फुग्यावर बोटं आवळणार, तेवढ्यात ध्यानात आलं की डावा हात आपोआप उताणा झालाय. रोज पूजेला लिंग घ्यायला होतो तसा, खोलगट. फक्त रिकामा.

नवी नवरी होते तेव्हा पूजेला बसायचा काय थाट माझा! डोळे असे अर्धे मिटायचे की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी पोचली कैलासाला. पोरगी पोचलेली असायची स्वैपाकघरात, जावेनं साय खाल्ली का ते बघायला. सासूबाई म्हणायच्या, "हातावर महादेव आन् ध्यान सायीवर." ही ठमाबाई, म्हणजे मीच, मनात म्हणायची, म्हातारीला ध्यानातलं काय कळतंय? ठमाबाईला तरी कुठं कळत होतं! पण अशा ढोंगाच्या सकाळी एकीवर एक साचत गेल्या, आणि एवढं अंगात मुरलं असावं : हातावर जे आहे त्याच्याकडे बघायचं, जागचं हलायचं नाही.

त्या यंत्रात हातावर भीतीच होती. मग तिलाच बघितलं. गाठ निघाली तर? कवटी उघडतील? वाचा जाईल? (माझी वाचा गेली तर घरात साखर वाटतील.) भीती कमी झाली नाही, खोटं कशाला सांगू. गार, जड, तशीच बसून होती. पण मीही बसले. फुगा दाबला नाही.

बाहेर आल्यावर सुनेनं लिंग गळ्यात बांधलं. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो आणि ती रडायलाच लागली. "मला लई भ्या वाटून राहिलंय, आत्याबाई."

मी तिचा डावा हात ओढून माझ्या मांडीवर उताणा ठेवला. "ह्याच्याकडं बघ. पळू नको."

"हातात काय हाय पर?"

"भ्याच हाय. माझ्याबी हातात हाय."

गाठ निघाली, बोराएवढी. सध्या चिरफाड नको, नुसतं लक्ष ठेवायचं, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी भस्म लावून पूजेला बसते तेव्हा ती गाठ आठवते आणि भीती येते. मग हातावर लिंगाशेजारी तिलाही थोडी जागा करून देते.