बंदरावरचा फुलबॅक

काशिराम कोळी मार खातच वाढला. पनवेलच्या खाडीकाठी कोळीवाड्यात त्याच्या बापाची होडी होती. जाळं फाटलं, वारा पडला, मासळी कमी आली, काहीही निमित्त झालं की बाप पोराला वल्ह्यानं बडवायचा. सतराव्या वर्षी काशिरामनं ते वल्हं हिसकावून घेतलं आणि बापाच्याच नडगीवर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग तो तसाच बंदरावर गेला, मुंबईला निघालेल्या पडावात बसला आणि नौदलात भरती झाला. लढाईचे दिवस होते, कुणी फार चौकशी केली नाही.

दिवसभर बोटीच्या पोटात बॉयलरला कोळसा घालायचा आणि संध्याकाळी मैदानावर जायचं. तिथं त्याला हॉकी भेटली. अंगानं आडदांड म्हणून त्याला फुलबॅकला उभा केला. शिकवणारा गोरा ऑफिसर सांगायचा, चेंडू गेला तर गेला, माणूस जाता कामा नये. चुकलं की तो स्टिकची मूठ बरगडीत खुपसायचा. काशिरामला यात नवीन काहीच वाटलं नाही. त्याचे पुढचे दोन दात त्या मैदानावर पडले आणि दुसऱ्यांचे किती पाडले ते त्यानं मोजलं नाही.

दुसरा फुलबॅक दाऊद मुकादम, हाही पनवेलचाच, बेकरीवाल्याचा मुलगा. दाऊद सडपातळ, शांत. काशिराम माणसावर धावून जायचा तेव्हा दाऊद मागं सरकून चेंडू कुठं जाईल ते बघत राहायचा आणि नेमका तिथं असायचा. दोघांना ओलांडून गोल करणं अवघड, असं बोटीवर म्हणत.

शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत खलाशांचं बंड झालं. दोघंही त्यात होते, दोघांनाही काढून टाकलं. पनवेलला परत आल्यावर दाऊद बापाच्या भट्टीवर बसला आणि काशिराम बंदरावर गोणी उचलू लागला. त्याचं जनीशी लग्न झालं तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याला पाव दाऊदनं पुरवले.

बेने इस्राएली जोसेफ पेणकरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बाजारात होतं. ऑलिंपिकची हॉकी असली की तो आपला मोठा रेडिओ फळीवर काढून ठेवायचा आणि दुकानासमोर माणसं जमायची. अठ्ठेचाळीस साली लंडनमध्ये आपण इंग्रजांनाच चार गोलांनी हरवलं ही बातमी काशिराम आणि दाऊदनं तिथंच ऐकली. पुढची दोन ऑलिंपिकंही तिथंच, एकाच बाकावर. काशिराम येताना आपली जुनी स्टिक घेऊन यायचा. खेळ चालू असला की त्याची बोटं तिच्यावर आवळत.

साठ सालच्या सप्टेंबरात रोमला फायनल आली, पाकिस्तानशी. दिवेलागण होऊन गेली होती. पहिल्या हाफमध्येच गोल झाला, आपल्यावर. त्यानंतर तासभर दुकानासमोर कुणी बसलेलं उठलं नाही. आपले लोक चढाई करत होते आणि परत येत होते. शेवटची शिटी झाली, जोसेफनं रेडिओ बंद केला. बत्तीस वर्षांत आपण ऑलिंपिकमध्ये हॉकीत हरलो नव्हतो.

दाऊदचे डोळे ओले होते. काशिरामनं ते पाहिलं होतं. दाऊद म्हणाला, "गोल चोख होता, काशा. आपला फुलबॅक जागेवर नव्हता."

मागून कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "याला पाकिस्तानचा गोल गोडच लागनार."

काशिराम उठला. स्टिकचा पहिला फटका दाऊदनं हात आडवा धरून कोपरावर घेतला. कोपर फुटलं. दुसरा खांद्यावर बसला. तिसरा डोळ्याखालच्या हाडावर, आणि दाऊद बाकाखाली पडला. काशिरामला नंतर आठवायचं ते हेच, की तिसरा फटका मारताना त्याला राग राहिलाच नव्हता. हात चालू होता म्हणून चालला.

जोसेफ मध्ये पडला, त्याचा चष्मा फुटला. पण तोवर गर्दीला वाट सापडली होती. रेतीच्या होड्यांवरचा तुळशीराम ओरडला, "बेकरीवर चला," आणि वीस-पंचवीस माणसं धावत सुटली. काशिराम हातात स्टिक घेऊन तिथंच उभा होता. दोन गल्ल्या पलीकडे काचा फुटत होत्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून गेलं.

खटल्यात दाऊद खरं तेवढंच बोलला. "यानं मारलं. तीनदा." डावा हात कोपरातून वळत नव्हता, उजव्या डोळ्यावर पट्टी होती. न्यायाधीशांनी काशिरामला काही सांगायचंय का विचारलं. तो म्हणाला, "मारलं." दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

जनी ठाण्याच्या तुरुंगात एकदाच भेटायला आली. "आपल्या लग्नात त्या मानसानं पाव दिलं," ती म्हणाली. "तुमी त्याचा डोला काडला. मी घर चालवीन, पाटी घेऊन बाजारात बसंन. पन तुमी का मारलं ता मला सांगू नका. मला आयकायचा नाय."

तुरुंगातही त्याच्यावर दोनदा मारामारीची वेळ आली. दोन्ही वेळा त्यानं हात उचलला नाही, आणि म्हणूनच जास्त मार खाल्ला.

सुटून आल्यावर तो पुन्हा बंदरावर लागला. बेकरीची गल्ली टाळायला तो बाजाराला वळसा घालून जायचा. बंदरावर तुळशीराम आणि त्याची माणसं त्याला मोठ्या मानानं हाक मारायची. त्यानं मारलं म्हणून. ती हाक त्याला सोसत नसे.

चौसष्टच्या ऑक्टोबरात टोकियोला पुन्हा तीच फायनल आली. या वेळी खेळ सकाळचा होता. जोसेफनं दुकानाबाहेर कर्णा लावला होता. काशिराम गेला नाही. बंदरावर कौलं उतरवत होता, तरी वाऱ्यावर तुटक आवाज येत राहिला. खेळ धसमुसळा चालला होता, अंपायरनं थांबवून दोन्हीकडच्या खेळाडूंना ताकीद दिली, असं ऐकू आलं. मग पेनल्टी. मग गोल, आपला. बराच वेळ गेला आणि बाजारातून आरोळी उठली. आपण जिंकलो होतो.

काशिरामच्या हातात कौलांची चळत होती. क्षणभर त्याची छाती भरून आली. मग ताशा वाजायला लागला आणि ताशाचा आवाज कुठल्या बाजूला वळतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं कौलं खाली टाकली. अर्धी फुटली. तो धावला.

बेकरीचं दार उघडं होतं. भट्टीसमोर दाऊद एका हातानं लांब दांड्याच्या फळीवर पाव काढत होता. त्यानं मान वळवली तेव्हा एका डोळ्याला दारात काशिराम दिसला, धापा टाकणारा, आणि मागून ताशा. दाऊदनं पाव झटकून टाकले आणि फळीचा दांडा फिरवला. तो काशिरामच्या कानशिलावर बसला. दुसरा मानेवर. काशिराम गुडघ्यावर आला.

"हात खाली का तुझे?" दाऊद म्हणाला. "उचल ना."

"ते येतायत," काशिराम म्हणाला. "दार लाव."

तो उठला, पाठ दाऊदकडे केली आणि पायरीवर उभा राहिला. मागं दार लागल्याचा आवाज काही आला नाही.

मिरवणूक वळणावर आली. पुढं तुळशीराम होता, गुलालानं माखलेला. काशिरामचं रक्त बघून तो थबकला. "त्यानं मारलं तुला? बाजूला हो, बघतो."

"कोनी पुढं यायचा नाय."

"तूच शिकवलंस आमाला."

"हाव. मीच."

पहिला धोंडा काशिरामच्या खांद्याला लागला. मग तुळशीराम पुढं आला आणि काशिरामनं त्याला मधोमध अडवला, मैदानावर अडवायचा तसा. त्याचं मनगट पिरगाळलं, नाकावर डोकं हाणलं. दोघंतिघं अंगावर पडले. कुणी लाथा घातल्या, कुणी ताशाच्या काड्यांनी पाठ फोडली. एक धोंडा कानावर बसला आणि आवाज सगळे एकदम गेले. माणसांची तोंडं नुसती उघडत-मिटत होती. तो पायरीवरून हलला नाही. पडला तेव्हाही उंबऱ्यावर आडवा पडला. आत जायचं तर त्याला ओलांडून जायला हवं होतं, आणि आपल्याच माणसाला तुडवून पुढं जायचं कुणाच्या मनात येईना. जोसेफ पोलिसांना घेऊन येईपर्यंत गल्ली निम्मी रिकामी झाली होती.

काशिराम शुद्धीवर आला तेव्हा दाऊद जवळ उकिडवा बसला होता. त्यानं काशिरामच्या डोक्याला पिठाच्या गोणपाटाचा तुकडा दाबून धरला होता. काशिरामनं काही बोलायला तोंड उघडलं.

"नको," दाऊद म्हणाला. काशिरामला ते ओठांवरून कळलं. "हा डोळा काही परत येत नाही. उद्यापासून या दारात येऊ नकोस."

काशिरामनं मान डोलावली.

डाव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. बंदरावर तुळशीरामची माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली, त्याला हलकं काम देईनाशी झाली. जनीनं विचारलं नाही, पण त्या आठवड्यात ती मासळी विकून येताना मुकादमांच्या बेकरीतले पाव घेऊन आली आणि पुढंही आणत राहिली. पासष्ट साली जोसेफ दुकान विकून बायकोमुलांसकट इस्राएलला गेला. बाजारात तशी गर्दी मग जमली नाही.

सदुसष्टच्या पावसाळ्यात मुंबईहून मैद्याच्या गोणी आल्या. त्या उतरवायला काशिराम होता आणि माल मोजून घ्यायला दाऊद स्वतः छत्री घेऊन आला होता. पाऊस तिरका मारत होता. काशिरामनं पहिली गोणी शेडच्या कडेला ठेवली.

दाऊद वळसा घालून त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला आला. "आतल्या अंगाला ठेव," तो म्हणाला. "इथं भिजतील."

काशिरामनं गोणी परत पाठीवर घेतली आणि आत नेली. मग बाकीच्या सगळ्या आत नेल्या.